तेलावरचा आळ

जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या गृहस्थाला त्याचे वय, वेतन अथवा प्रापंचिक सुखदुःखे विचारली, तर तो एखादे वेळी उत्तर टाळील. परंतु ‘गाडीत ऑईल कुठलं घालता?’ एवढा प्रश्न त्याच्या कानी पडला, की हातातले काम तहकूब करून, विचारणाऱ्याला बसायला स्टूल देऊन, आपली समग्र तैलविषयक भूमिका पूर्वपीठिकेसह विशद केल्यावाचून त्याला चैन पडत नाही. ही भूमिका त्याने व्यासंगाने सिद्ध केलेली असते असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. बहुधा ती वडिलोपार्जित असते. ज्या तीर्थरूपांनी मुलाच्या नावे बुलेट ठेवली, त्यांनीच तेलाच्या डब्याचा रंगही ठेवलेला असतो. आणि हिरव्या डब्याचे घराणे निळ्या डब्याच्या घराण्याशी प्रसंगी सोयरीक करील, पण त्या घरचे तेल आपल्या इंजिनात पडू देणार नाही, इतकी ही निष्ठा कडवी असते.

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत. त्यांपैकी एखाद्याच्या गल्ल्यापाशी अंग चोरून उभे राहिले, तर या निष्ठेचे व्यवहारातील स्वरूप घटकाभरात ध्यानी येते. गिऱ्हाईक येते आणि ‘जाड द्या’ म्हणते. किती जाड, हे त्याला सांगता येत नाही. परंतु गाडी म्हातारी झाली म्हणजे तिला जाड तेल हवे, हा सिद्धांत त्याला निर्विवाद वाटतो. त्यात तथ्य अगदीच नाही असे नाही. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामधली फट झिजेने वाढली, की पातळ तेल तीमधून वर जाऊन जळते, सायलेन्सरातून निळसर धूर निघतो, आणि किंचित दाट तेलाने तो धूर व टॅपेटांची टकटक ही दोन्ही काही काळ दबतात. परंतु या किंचित दाटपणाची मर्यादा कोठे संपते, हे न कळल्यामुळे काही उत्साही मंडळी मजल दरमजल करीत काकवीच्या दाटीपर्यंत जाऊन पोचतात, आणि मग डिसेंबरच्या सकाळी तेच तेल पंपातून वर रॉकरांपर्यंत चढायला इतका अवधी घेते, की तेवढ्या वेळात लोखंडाने लोखंड घासून घ्यावयाचे ते घासून घेतलेले असते.

डब्यावर लिहिलेले वाचावे, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांची एसएई ही संस्था १९०५ साली स्थापन झाली, आणि १९११ साली तिने तेलाच्या दाटपणाला आकडे लावून दिले. म्हणजे टिळक मंडालेच्या तुरुंगात असतानाच हा प्रश्न कागदोपत्री निकालात निघाला होता. त्या काळच्या गाड्यांना एकेरी आकड्याचे तेल चाले. उन्हाळ्यात चाळीस आणि थंडीत तीस, अशी ऋतुचर्या बुलेटवाल्यांच्या मागल्या पिढीने मनोभावे पाळली. पुढे दुहेरी आकडे आले. २० डब्ल्यू ५० असे ज्या डब्यावर लिहिलेले असते, त्यातील पन्नास हा आकडा शंभर अंश उष्णतेला तेल किती दाट राहते ते सांगतो, आणि डब्ल्यू-सहित वीस हा हिवाळ्याचा आकडा, गोठणबिंदूच्या खाली पंधरा अंशांवर त्या तेलात इंजिन कितपत फिरवता येते, त्याची हमी देतो. आता महाराष्ट्रात हिवाळ्याची पराकाष्ठा म्हणजे महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी दव गोठणे. आणि तेवढे झाले तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र झळकते. असे असूनही, सांगली-मिरजेच्या बाहेर ज्यांची गाडी कधी गेली नाही, असे दोन गृहस्थ पंधरा डब्ल्यू श्रेष्ठ की वीस डब्ल्यू, या मुद्द्यावर चहाचे दोन कप निवेपर्यंत भांडताना आढळतात. निवाडा करायला त्या दोघांना घेऊन सैबेरियालाच जावे लागेल.

तेलाची परीक्षा करण्याच्या देशी पद्धतीचाही येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. दांडी बाहेर काढावयाची, तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घ्यावयाचा, डोळे अर्धवट मिटून तो चोळावयाचा, नाकाशी न्यावयाचा, आणि मग पँटीला हात पुसत ‘अजून दम आहे’ किंवा ‘मेलं’ यांपैकी एक निकाल जाहीर करावयाचा. तेल काळे पडले म्हणजे मेले, असे समजून कित्येकजण ते अकाली काढून टाकतात. वस्तुतः इंजिनातली काजळी अंगावर घेऊन फिरणे हेच तेलाच्या नेमणुकीचे एक कलम आहे, आणि जे तेल महिनोन्महिने मधासारखे सोनेरी राहते, त्याचीच खरे तर कैफियत मागवायला हवी.

कोणते तेल कशासाठी, हा घोळ काही आजचा नव्हे. पहिल्या महायुद्धातील विमानांत, ज्यांचे सबंध इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे, त्यांत चक्क एरंडेल वापरीत असत. कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नसे आणि अतितप्त धातूवर टिकून राही. न जळलेल्या एरंडेलाचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर उडत, आणि त्याचे परिणाम जे व्हावयाचे ते युद्धभूमीवरच होत, असे सांगतात. शर्यतीच्या मोटारसायकलींनीही हा एरंडेलाचा नाद पुढे बरीच वर्षे सोडला नाही. आमच्या लहानपणी हे औषध रविवारी सकाळी जबरदस्तीने पाजले जाई. तेव्हा यंत्रांनाही ते पाजीत असत हे तेव्हाच कळते, तर थोडे सांत्वन झाले असते.

परंतु तेलाची खरी फजिती होते ती क्लचपाशी. इंजिनाला तेल हवे ते घर्षण घालवण्यासाठी. क्लच चालतो तो घर्षणावर. आणि बहुसंख्य मोटारसायकलींत हा क्लच त्याच तेलात बुडवून ठेवलेला असतो! एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी प्लेट, पुन्हा एक घर्षणाची, पुन्हा एक पोलादी, अशी एकाआड एक चवड रचलेली, वरून स्प्रिंगांचा दाब, आणि सगळी चवड तेलाने निथळत असलेली. अशा अवस्थेत त्या प्लेटींनी एकमेकींना घट्ट धरून इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोचवावी, आणि हाताने लिव्हर ओढताच क्षणार्धात एकमेकींचा हात सोडावा, अशी अपेक्षा. हे घडते हाच चमत्कार. आणि दुपदरी रस्त्याला लागल्यावर आपण त्या चमत्कारावर हाफ क्लचने घाटभर अत्याचार करीत जातो, हे निराळेच.

या चमत्कारात विघ्न आले ते मोटारींच्या तेलामुळे. पेट्रोलची बचत व्हावी म्हणून मोटारींच्या तेलात घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये मिसळण्याचा प्रघात पडला. मोटारीचा क्लच कोरडा असल्याने तिचे काही बिघडले नाही. पण तेच तेल कोणी हौसेने मोटारसायकलीत ओतले, की तेलात भिजलेल्या प्लेटी निसटू लागण्याचा धोका उभा राहिला. तेव्हा जपान्यांनी १९९८ साली खास मोटारसायकलींच्या तेलासाठी जासो नावाचे मानक काढले. ज्या तेलात ओला क्लच नीट धरतो त्याला ‘एमए’, आणि जे त्याहून गुळगुळीत, म्हणजे ज्या स्कूटरींचा क्लच तेलात नसतो त्यांच्याचपुरते योग्य, त्याला ‘एमबी’, अशी वर्गवारी केली. हिरो होंडाची १९८५ची सीडी १०० असो वा तिच्या मागून आलेल्या असंख्य बहिणी असोत, ज्यांचे इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात नांदतात, त्यांच्या मालकांनी डब्याच्या पाठीमागची ही दोन अक्षरे शोधावीत आणि निर्धास्त व्हावे. पेट्रोल वाचवण्याची शेखी ज्या डब्यावर मिरवलेली असेल, तो मोटारवाल्या शेजाऱ्यास भेट द्यावा.

एवढे ज्ञान बाजारात सांडले, आणि तेव्हापासून क्लचची कोणतीही तक्रार आली, की तेलावर आळ घेण्याची वहिवाट सुरू झाली. क्लच सरकतो? तेल. न्यूट्रल लागत नाही? तेल. पहिला गिअर टाकताना गाडी गचका मारते? तेल बदला. याहून नवलाची गोष्ट अशी, की हा आळ सर्वांत मोठ्या आवाजात घेतला जातो तो जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटवर. आणि त्या बुलेटमध्ये इंजिनाच्या तेलाचा क्लचशी संबंध येण्याचे काही कारणच नसते!

१९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया स्थापन झाली, तेव्हा इंग्लंडातील रेडिचहून जो नकाशा आला, तो एखाद्या जुन्या संस्थानाच्या कारभारासारखा होता: प्रत्येक खात्याचा खजिना निराळा. इंजिनाचे तेल इंजिनाच्या पोटातील टाकीत राहते, पंपाने वर चढते, नमद्याच्या गाळणीतून गाळले जाते आणि पुन्हा टाकीत येते. डाव्या अंगाला चेनकेस. तिच्यात प्राथमिक चेन आणि क्लच, आणि त्यांच्यापुरते अर्ध्या लिटरहूनही कमी असे स्वतंत्र तेल. मागे गिअरबॉक्स, तीत तर मागल्या पिढीचे मिस्त्री तेलापेक्षा ग्रीसच अधिक कोंबीत. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग होण्याची तरतूद नाही. आता क्रँकचे सील फाटले तर अफरातफर होते, हे मान्य. चेनकेसमध्ये पातळीच्या स्क्रूच्या वर तेल भरले तर क्लच पोहू लागतो आणि सरकतो, हेही खरे. परंतु जो गृहस्थ इंजिनात महागडे सिंथेटिक तेल घालून ‘आता क्लच बघा कसा लोण्यासारखा चालतो’ म्हणून मिशीवर ताव देतो, त्याने प्रत्यक्षात ज्या खात्यात पैसे भरले, त्या खात्याला क्लचचा पत्तादेखील ठाऊक नसतो. आणि चेनकेसमध्ये शेवटचे तेल कधी बदलले, हे विचारले तर तो गोंधळून विचारतो, ‘तिथंही ऑईल असतं?’

असते. ते असल्याचा पुरावा बहुतेक बुलेटींच्या खाली सकाळी फरशीवर पडलेला आढळतो. चेनकेसचे ते मोठे थोरले झाकण मध्यभागी एकाच नटावर पेललेले असते, आणि तो नट किती आवळावा याविषयी मिस्त्र्यांत एकमत नसल्याने तेलाला वाट सापडतेच.

क्लचच्या दुखण्याचे निदान करावयाचे तर प्रथम फिर्याद नीट लिहून घ्यावी लागते. दुखणी दोन, आणि ती परस्परविरुद्ध आहेत. पण मालक दोन्हींचे वर्णन ‘क्लचचा प्रॉब्लेम आहे’ या एकाच वाक्यात करतो. पहिले दुखणे सरकण्याचे: वरच्या गिअरमध्ये संथ चालत असताना मूठ एकदम पिळली, की इंजिन गर्जना करते पण गाडीचा वेग तेथल्या तेथेच, आणि खंबाटकीच्या चढावर मालट्रकही हॉर्न वाजवून पुढे निघून जातो. बुलेटमध्ये याची एक घरबसल्या चाचणी आहे. तिची किक गिअरबॉक्स आणि क्लच यांच्यामार्फत इंजिनापर्यंत पोचते. तेव्हा ॲमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकंप्रेसर ओढून, सर्व विधी यथासांग करूनही किकेचा दांडा इंजिन न हलवता नुसताच खाली गेला, तर क्लच सरकतो आहे असे समजावे. दुसरे दुखणे न सुटण्याचे: लिव्हर पूर्ण ओढलेली असताना गाडी पुढे सरकू पाहते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, आणि मालक गिअर शोधीत उजवा पाय एवढ्या जोरात आपटतो, की शेजारच्या रिक्षावाल्याला त्याची दया येते. उजवा पाय अशासाठी, की जुन्या बुलेटचे गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. एक वर, तीन खाली. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेटी एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून जुनी मंडळी सकाळी लिव्हर ओढून एक-दोन रिकाम्या किका मारतात आणि मगच इंजिन चालू करतात. हा रिवाज शहाणपणाचा आहे. त्याला खर्च काही नाही.

येझदीचे प्रकरण स्वतंत्र आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीत किक आणि गिअर यांचा एकच दांडा. शिवाय पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप उचलला जातो, हातातली लिव्हर ओढा अथवा न ओढा. त्यामुळे तिथे ढील नीट बसवावयाची तर हाताची आणि पायाची अशा दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. यात एक बाजू चुकली, की दुसऱ्या बाजूचा दोष दिसू लागतो, आणि दोघींमध्ये सलोखा घडवणारा मिस्त्री हल्ली गावोगाव मिळत नाही. राहता राहिला टाकीत पेट्रोलबरोबर मिसळावयाच्या टूटी तेलाचा प्रश्न; ते तेल जळून धुरावाटे निघून जाते, गिअर आणि क्लचचे तेल निराळे असते. पण येझदीच्या क्लचबद्दलही पहिली पृच्छा होते ती ‘टूटी कुठलं टाकता?’ हीच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशाच एका बुलेटचे निदान चालू असता जवळून पाहण्याचा योग आला. मालक सुखवस्तू, तेलाविषयी ज्वलंत मते असलेले; मिस्त्री वयस्क, मितभाषी, खांद्यावर काळा पडलेला पंचा. मालकांनी आपली जबानी तेलापासून सुरू केली, आणि ती तेलाच्या तिसऱ्या नावापर्यंत पोचेतो मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, जो या पेशातील सर्व चौकशींचा मंगलाचरणाचा श्लोक होय:

‘‘साहेब, ह्याच्या आदी गाडी कुनी उघडली हुती?’’

कोणी का उघडली असेना, त्याने काही तरी बिघडवून ठेवले आहे, हे गृहीत धरूनच पुढील तपास चालतो. मिस्त्रींनी लिव्हरचे टोक दोन बोटांत धरून हलकेच पुढेमागे केले. तिथे दोन-तीन मिलिमीटर मोकळी ढील लागावयास हवी होती. लिव्हर पहिल्या स्पर्शालाच ताठ होती. मग त्यांनी खाली बसून वायरीच्या मध्यावरचा ॲडजस्टर पाहिला, तो शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढलेला होता. कोणी तरी, बहुधा न्यूट्रल लागत नाही म्हणून, वायर ओढून ओढून घट्ट केली होती, आणि एक दुखणे बरे करताना दुसरे जन्माला घातले होते.

‘‘त्येलाचं काय न्हाई साहेब,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘तुमी लिव्हर सोडताय, पर वायर सोडत न्हाई.’’

क्लचच्या सरकण्याचे इतके नेमके वर्णन छापील पुस्तकात वाचल्याचे मला स्मरत नाही. ढील नसली म्हणजे हात लिव्हरवर नसतानाही क्लच थोडासा उचललेलाच राहतो. स्प्रिंगांचा संपूर्ण दाब प्लेटींना कधी लाभत नाही. प्लेटी घसरतात, तापतात, गुळगुळीत चकचकीत होतात, आणि मग मात्र त्या खरोखरच निकामी ठरतात. मिस्त्रींनी चेकनट सैल केला, ॲडजस्टर फिरवला, गिअरबॉक्सवरची लहान टोपी काढून आतल्या स्क्रूचीही जागा पाहिली, पुन्हा चेकनट आवळला, आणि लिव्हर दाबून दाखवली.

मालकांचा चेहरा उतरला. एवढ्या थोर गाडीला एवढे क्षुद्र दुखणे असावे, आणि ते पान्याच्या दोन वेढ्यांत बरे व्हावे, हा त्यांना गाडीचाच नव्हे तर स्वतःचाही उपमर्द वाटला असावा. ‘‘अहो मिस्त्री, आलोच आहे तर आतून उघडून बघाच,’’ असे त्यांनी फर्मावले, आणि मिस्त्रींनी ‘‘बरं’’ म्हणून झाकणाखाली पत्र्याचा ट्रे सरकवला.

उघडले ते एका परीने बरेच झाले. जुन्या वर्तमानपत्रावर प्लेटी ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मांडल्या गेल्या. पोलादी प्लेटींपैकी दोघींच्या अंगावर तापल्याची निळी झाक होती. एक काचेच्या तुकड्यावर ठेवली तर कडेला डगमगत होती, म्हणजे वाकडी झालेली. घर्षणाच्या प्लेटींचा करडा थर आरशासारखा झाला होता. मग मिस्त्रींनी क्लचच्या ड्रमाच्या बोटांवरून, प्लेटींचे कान जिथे बसतात त्या खाचांतून, आपले नख सावकाश फिरवले. ते एके ठिकाणी अडकले. तिथे प्लेटींनी ठोके मारून मारून लहान दाते पाडले होते, ज्यांत अडकून प्लेटी मोकळ्या होत नसत. म्हणजे न्यूट्रल न लागण्याचे मूळ येथे होते, वायरीत नव्हतेच, आणि तेलात तर मुळीच नव्हते. मिस्त्रींनी बारीक कानस घेऊन ते दाते उतरवायला सुरुवात केली. स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक इतरांहून नखभर बुटकी निघाली.

मालक आता प्रसन्न दिसत होते. नव्या प्लेटी बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजत घालाव्या लागतात, हे ऐकून तर त्यांचा उत्साह दुणावला, कारण त्यासाठी तेल लागणारच होते. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून सिगारेटच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर यादी लिहिली: घर्षण प्लेट, पोलादी प्लेट, स्प्रिंग सेट, क्लच वायर, चेनकेसचे रबर. शेवटच्या ओळीवर ते किंचित थांबले, मालकांकडे पाहिले, आणि लिहिले: ‘ऑईल – साहेब सांगतील ते.’